अल्पवयीन माल्ट

धान्यापासून ऊर्ध्वपातित केलेल्या मद्याला व्हिस्की या नावाची सनद हवी असेल, तर 700 लिटरांहून मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात त्याने निदान 3 वर्षे काढली पाहिजेत, असा युरोपीय संघाचा कायदा आहे. आणि ही मुदत ओलांडून फार काळ न लोटलेल्या मालाकडे, स्कॉटलंडच्या बारा-अठरा वर्षांच्या बाटल्यांना सरावलेले रसिक ज्या अनुकंपेने पाहतात, ती मला सदैव अनाठायी वाटत आली आहे.

स्वीडनमधील येव्ले नगरानजीक 1999 साली स्थापन झालेल्या मॅकमिरा या मद्यशाळेचा ‘स्वेन्स्क रोक’ हा माल्ट मी चाखला तो याच भावनेने. बाटलीवर वयाचा दाखला नाही. मद्यार्काचे प्रमाण तेवढे 46.1 टक्के नमूद आहे. अरुंद मुखाचा पेला नाकाशी नेताच प्रथम मद्यार्काची तीक्ष्णता जाणवते, आणि ती ओसरू दिली म्हणजे नासपती, हिरवे सफरचंद व भिजलेले सातू यांचे गंध येतात. किण्वनाच्या वेळी यीस्टने निर्माण केलेली ही फलगंधी द्रव्ये दीर्घ वास्तव्यात लाकडाच्या व्हॅनिलाखाली दबून जातात. कोवळ्या मद्यात मात्र धान्य आपली जबानी वकिलाविना देते.

धूर येतो तो त्यामागून. येथे माल्ट वाळवताना पीटच्या जोडीला ज्युनिपरच्या, म्हणजे आपल्या वैद्यांच्या हपुषेच्या, डहाळ्या जाळतात. त्यामुळे स्कॉटलंडच्या आयला बेटावरील व्हिस्कीतल्या औषधी, समुद्री उग्रतेऐवजी राळ टाकलेल्या धुपाटण्याचा गंध दरवळतो. जिभेवर आधी मधाचा गोडवा, मग मिरीसारखा तिखटपणा आणि ओकचा किंचित तुरटपणा. मध्यभाग मात्र पातळ आहे, आणि हा दोष मी तारुण्याच्या खाती निःसंकोच मांडतो.

पाण्याचे काही थेंब घालणे हा पुष्कळांना निव्वळ शिरस्ता वाटतो. परंतु स्वीडनच्याच लिनेयस विद्यापीठातील संशोधकांनी 2017 साली संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने असे दाखवले की, धूम्रगंध देणारे ग्वायाकॉल हे द्रव्य मद्यार्काचे प्रमाण उतरले असता द्रवाच्या पृष्ठभागाशी जमते. माझ्या पेल्यातही पाण्यानंतर धूर पुढे सरसावला आणि नासपती मागे हटली. मला पाण्यावाचूनचा पेला अधिक रुचला. धुरासाठीच ही बाटली घेणाऱ्याने खुशाल पाणी घालावे, मात्र बेताने, कारण पातळ मध्यभागाला फार पाणी सोसत नाही.