हीटरमधून थंड हवा? डॅशबोर्ड खोलण्याआधी दोन पाइप तपासा

नाशिक-निफाडकडे डिसेंबरची थंडी पडली की गॅरेजवर एक तक्रार हमखास येते : "उस्ताद, हीटर लावला तरी थंडच हवा येते." गिऱ्हाईक घाईत असते आणि मिस्त्रीचा हात थेट डॅशबोर्डकडे जातो. गॅरेज चालविणाऱ्या वाचकांना आमचे सांगणे आहे की, ही घाई महागात पडते. डॅशबोर्ड खोलण्यात दिवस मोडतो. दोष तिथे निघाला नाही तर मजुरी कोणाच्या माथी मारायची? अशा एका बिलापायी गिऱ्हाईक कायमचे तुटते.

पंखा हवा फेकतो आहे, म्हणजे ती बाजू ठीक आहे. प्रश्न उष्णतेचा आहे. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत इंजिनाने तापलेले कूलंट दोन पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये, फिरते. पंख्याची हवा त्यातून जाताना गरम होते.

म्हणून पहिली तपासणी कूलंटच्या पातळीची, तीही इंजिन थंड असताना. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो; उसळलेल्या पाण्याने हात-तोंड भाजते. पातळी कमी असेल तर नुसते भरून गाडी देऊ नका, कूलंट गेले कोठे ते शोधा. पायाखालची चटई ओली, गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट वाफ, ही कोअर गळत असल्याची खूण आहे.

दुसरी तपासणी टेम्परेचरच्या काट्याची. बराच वेळ गाडी चालवूनही काटा वर येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असावा, किंवा तो जागेवरच नसावा! उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे अनेक मिस्त्रींना आहे. हिवाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते : हीटर थंड, इंजिन थंड आणि तेलाचा खर्च जास्त.

काटा बरोबर असेल तर फायरवॉलमधून आत जाणारे दोन पाइप सांभाळून चाचपा. हात पंखा-बेल्टपासून दूर ठेवा.

दोन्ही गरम असतील तर कोअर ठीक आहे. हवा वळविणारे झाकण किंवा त्याची केबल अडकली आहे. एक गरम, एक गार असेल तर कोअर तुंबला आहे किंवा हीटरचा कॉक बंद आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी आहे, आत हवा धरली आहे किंवा वॉटर पंप पाणी फिरवीत नाही.

बोअरच्या जड पाण्याने कोअरमध्ये क्षार साचतात. तो उलट दिशेने, कमी दाबाने धुवावा. जोराचा दाब दिल्यास कोअर फुटतो. पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे. सांडलेले कूलंट विषारी असते. लहान मुले, जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

हवा धरली असेल तर गाडीचा पुढचा भाग उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढावी. बुडबुडे थांबतच नसतील तर हेडचे पॅकिंग गेल्याची शंका घ्यावी. मग ती गाडी हीटरसाठी नव्हे, इंजिन वाचविण्यासाठी थांबवून ठेवली पाहिजे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

ही तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे. ती गिऱ्हाइकासमोर करा, पाइपला त्यालाही हात लावू द्या. दोष डोळ्यांनी पाहिला की तो मजुरीवरून वाद घालत नाही.