तीन पडद्यांचं यान

रात्रीचे साडेनऊ. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या या लहानशा खोलीत भाचीने दिवा मालवलाय आणि टेबलावरचे 24 इंची तीन मॉनिटर उजळलेत. मधला सरळ समोर, दोन बाजूचे आत वळवलेले. त्यांच्या वर भिंतीवरच्या फळीवर एक जुना, चौकोनी मॉनिटर आहे. तिच्या डाव्या हाताखाली थ्रॉटल, उजव्या हातात जॉयस्टिक. मला मागे स्टुलावर बसवलंय. "मामा, टेबलाला धक्का लावू नकोस हं, सगळं हलतं," अशी ताकीद आधीच मिळालीय.

गेम आहे 'एलीट डेंजरस'. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने 2014 च्या डिसेंबरात आणलेला. आपली आकाशगंगा त्यात एकास एक प्रमाणात उभी केलीय. सुमारे 400 अब्ज तारे आणि त्यांच्या ग्रहमाला. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीतले लाखाहून अधिक तारे खऱ्या जागी आहेत, उरलेले संगणकाने गणितानं रचलेत. भाचीचं यान 'आस्प एक्सप्लोरर'. पुढे भलीमोठी काच असल्यामुळे फिरस्त्यांना ते आवडतं.

पुढच्या ताऱ्याकडे झेप घ्यायची वेळ झाली. यानातला बाईचा आवाज आकडे उलटे मोजतो. चार, तीन, दोन, एक. मधल्या पडद्यावर प्रकाशाचं भुयार उघडतं आणि बाजूच्या दोन पडद्यांवरून उजेडाचे पट्टे मागे पळू लागतात. स्टूल जागच्या जागी आहे, हे मला ठाऊक आहे. तरी माझा हात तिच्या खुर्चीची पाठ पकडतो.

भुयार संपतं आणि समोर थेट एक पिवळा तारा. मधला पडदा काठोकाठ भरलेला. भाची वेग तोडते, यानाचं नाक डावीकडे वळवते, आणि तारा मधल्या पडद्यावरून सरकत, मॉनिटरची काळी कड ओलांडून उजव्या पडद्यावर जाऊन बसतो. आता तिचा उजवा गाल पिवळा दिसतोय, डावा अंधारात.

"इंधन भरतेय," ती म्हणते. या गेममध्ये ताऱ्याच्या अगदी जवळून उडत गेलं की यान त्याच्यातला हायड्रोजन ओढून घेतं. फार जवळ गेलं तर यान तापतं, फार लांब राहिलं तर टाकी भरत नाही. तापमानाचा आकडा 58, मग 63, मग 67. शंभरच्या वर गेला की यानाचे भाग खराब व्हायला लागतात. भाची मात्र उजवीकडे एकदाही बघत नाही. तिची नजर मधल्या पडद्यावर, पुढच्या मुक्कामाच्या खुणेवर आहे. उजवीकडचा उजेड वाढला की जॉयस्टिक किंचित डावीकडे, कमी झाला की किंचित उजवीकडे. एकच मॉनिटर असता तर तारा केव्हाच चौकटीबाहेर गेला असता आणि तिला नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवावा लागला असता.

वरच्या जुन्या मॉनिटरवर दरम्यान ओळी सरकतायत. गेम आपली प्रत्येक घडामोड संगणकावरच्या एका फाइलमध्ये लिहीत असतो: कुठल्या ताऱ्यापाशी आलो, इंधन किती भरलं, कुठले ग्रह सापडले. खेळणाऱ्यांनीच बनवलेला 'ईडी-डिस्कव्हरी' हा मोफत प्रोग्राम ती फाइल वाचतो आणि नीट तक्ता मांडून दाखवतो. "हा माझा कारकून," भाची वर हनुवटी उडवून म्हणते. गेम थांबवून वहीत काही टिपायची गरज नाही.

आता एका कडीवाल्या ग्रहाजवळून जातोय. कडीतले खडक मध्यावर दिसतात तेव्हा गोलसर असतात, पण डाव्या पडद्याच्या टोकाला पोचेपर्यंत ताणून लांबट होतात. मी बोट दाखवतो. ती हसते. "गेमला वाटतं, हे तिन्ही मिळून एकच सपाट पडदा आहे. मी मॉनिटर वळवलेत हे त्याला कुठं माहितीय?"

सपाट पडद्यावर चित्र काढायचं तर मध्यापासून जितकं दूर जावं तितकं ते ताणावं लागतं, हे भूमितीच सांगते. दृश्याचा कोन वाढवला की ताणही वाढतो. कोन कमी केला की खडक पुन्हा गोल होतात, पण बाजूचे पडदे अर्धे वाया जातात. भाचीने सुवर्णमध्य साधलाय. "तो कोपरा बघायचा नसतोच, मामा. नुसता जाणवू द्यायचा."

ती म्हणते त्यात तथ्य आहे. वाचायला, नेम धरायला डोळ्याचा मधला भाग लागतो. कडेच्या नजरेला अक्षर दिसत नाही, पण हालचाल तिला चटकन कळते. आणि आपण स्वतः हलतोय की नाही हे ठरवताना मेंदू या कडेच्या नजरेवर बराच भार टाकतो. साठ सेंटिमीटरवर ठेवलेला एक 24 इंची मॉनिटर नजरेचा जेमतेम 48 अंशांचा तुकडा व्यापतो. असे तीन वळवून लावले की 140 अंशांच्या आसपास. माझा हात मघाशी खुर्चीवर गेला तो यामुळे.

किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक पडद्याला 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाखांवर ठिपके. तिन्हींचे मिळून 62 लाखांवर, आणि ते सेकंदाला अनेकदा नव्याने रंगवायचे. खडकांच्या गर्दीत शिरताच सेकंदाला किती फ्रेम रंगल्या ते सांगणारा कोपऱ्यातला आकडा 60 वरून 41 वर घसरतो. टेबलाखालच्या खोक्यातले पंखे घरघरू लागतात, माझ्या पोटऱ्यांना गरम वारा लागतो. भाची सावल्यांची प्रत एक पायरी उतरवते. आकडा 54.

शेवटचा टप्पा स्थानकाचा. 'कोरिओलिस' जातीचं प्रचंड स्थानक स्वतःभोवती सावकाश फिरतंय आणि त्याच्या एका तोंडावर आडवी खाच. साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावर भाची उतरण्याची परवानगी मागते. मिळते: फलाट क्रमांक 27. खाचेचे हिरवे दिवे आपल्या उजव्या हाताला ठेवायचे, म्हणजे आपण सरळ बाजूने शिरतोय. ती स्थानकाच्या गतीने यानालाही गोल फिरवू लागते. खाच स्थिर होते, भोवतालचे तारे फिरायला लागतात.

तेवढ्यात डाव्या पडद्यावर आतून बाहेर येणारं एक धूड दिसतं. एका मॉनिटरवर ते दिसलंच नसतं. भाची यान उजवीकडे सरकवते, थ्रॉटल ओढते. ते धूड मॉनिटरच्या कडेला घासल्यासारखं निघून जातं. खाचेच्या भिंती आता दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर आहेत. डावीकडे किती जागा उरलीय, उजवीकडे किती, मलाही दिसतंय. मग आत, 27 वर, एक हलका धक्का.

हे काम आपोआप करणारा संगणकही यानात बसवता येतो. त्या वेळी 'ब्लू डॅन्यूब'ची धून वाजते. भाची तो वापरत नाही. फिरत्या स्थानकात यान घुसवण्याची ही कसरत 1984 ची. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी पहिला 'एलीट' बीबीसी मायक्रोवर लिहिला, अवघ्या 32 केबी मेमरीच्या संगणकावर. नुसत्या रेघांची यानं, आठ आकाशगंगांत प्रत्येकी 256 ग्रह, आणि बघायला एकच पडदा. लोकांनी तोही तासन्‌तास खेळला.

तेव्हा तीन मॉनिटरवाचून या गेमचं काही अडत नाही. आज एवढं दिसलं की बाजूचे पडदे शोभेसाठी नाहीत. आपण थेट न बघताही उजवीकडचा तारा आणि डावीकडून येणारं धूड ते कळवतात. ज्यांना हौस आहे त्यांनी एकदम तीन घ्यायला धावू नये. घरात जुना मॉनिटर पडून असेल तर आधी तो लावून त्यावर नकाशा आणि नोंदी उघडाव्यात, खर्च शून्य. त्यानंतरही बाजू उघड्या हव्याशा वाटल्या तर आधी ग्राफिक्स कार्डची ताकद तपासा, आणि टेबल मोजा: वळवून लावले तरी तीन मॉनिटरना जवळजवळ पाच फूट रुंदी लागते.