एमपी४ केलं म्हणून लग्नाचा व्हिडिओ अडकायचा थांबत नाही

‘एमपी४ करून घ्या, मग नाही अटकत.’ घरातल्या जुन्या व्हिडिओंबद्दल बडनेऱ्यात हा सल्ला इतक्यांदा कानावर येतो की आता राग येतो. सल्ला देणारा मोकळा होतो आणि घरची माणसं एकाच लग्नाचे पैसे तिसऱ्यांदा भरतात. आधी कॅसेट, मग तिची डीव्हीडी, आता डीव्हीडीची ‘एमपी४’. घरच्या कॉम्प्युटरवर ती झकास चालते. न्यू जर्सीतल्या मुलीनं फोनवर उघडली की मात्र नवरदेव मांडवात येईपर्यंत चकरी फिरत राहते. ‘काहून अटकून राह्यलं बाप्पा?’ असा तिचा फोन येतो आणि दुकानात पुन्हा तेच उत्तर मिळतं: परत एमपी४ करून देतो.

इथं हा प्रश्न घरोघरी आहे. बडनेऱ्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून सुरू आहे. तिथून आणि अमरावतीतून शिकून निघालेली पोरं पुणे, हैदराबाद आणि तिथून पुढे परदेशात गेली. आईवडील इथं राहिले, आणि लग्नं, मुंजी, बारशी यांच्या कॅसेटही इथंच राहिल्या. त्या मुलांपर्यंत नीट पोचाव्यात ही इच्छा अगदी रास्त आहे, म्हणूनच अर्धवट सल्ल्याचा एवढा त्रास होतो.

एमपी४ हा फक्त डबा आहे. डब्यात वरण आहे की चिवडा, हे डब्याच्या आकारावरून कळत नाही. फाइलच्या आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलं आहे, म्हणजे कोडेक कोणता, यावर ती कुठं चालेल हे ठरतं. डीव्हीडीवर व्हीओबी नावाच्या फाइली असतात आणि त्यांच्या आत नव्वदच्या दशकातला एमपेग-२ हा कोडेक असतो. काही जण या फाइलीचं शेपूट बदलून ‘.एमपी४’ करतात. काही सॉफ्टवेअर तेच एमपेग-२ चित्र जसंच्या तसं उचलून एमपी४मध्ये ठेवतात. दोन्ही वेळा आतला माल जुनाच राहतो.

मग घरी चालतं ते का? कारण घरी व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असतो, आणि व्हीएलसी जवळपास सगळे कोडेक उलगडण्याची सोय स्वतःसोबत बाळगतो. फोनवरचा ब्राउझर ती बाळगत नाही. क्रोमला एमपेग-२ चालत नाही. कधी चित्र दिसतं पण सनई ऐकू येत नाही, कारण डीव्हीडीवरचा आवाज बऱ्याचदा एसी-३ पद्धतीचा असतो आणि बहुतेक ब्राउझर तो वाजवत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ नेटवरून बाहेर दाखवणारं जेलिफिन किंवा प्लेक्स बसवलं असेल, तर समोरच्याला न चालणारी फाइल त्या कॉम्प्युटरला जागच्या जागी, बघणाऱ्याच्या वेगानं, नव्यानं रूपांतरित करावी लागते. जुन्या कॉम्प्युटरला तो वेग झेपला नाही की तिकडे चकरी दिसते. दोष न्यू जर्सीच्या नेटचा नसतो.

म्हणून आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज हवा. एच.२६४ हा कोडेक २००३चा. गेल्या दहा-बारा वर्षांतले फोन, टीव्ही, ब्राउझर तो हमखास चालवतात. त्यानंतरचे एच.२६५ आणि एव्ही१ जागा आणखी वाचवतात, पण आत्याच्या जुन्या टॅबवर ते चालतीलच असं नाही. नातेवाइकांसाठी फाइल करताना सगळ्यांत जुनं उपकरण कोणाकडे आहे ते आधी विचारा.

आता बिटरेट. दर सेकंदाला किती डेटा जातो, तो हा आकडा. हिशेब साधा आहे: दोन तासांचं लग्न ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीवर पूर्ण भरलं असेल, तर सरासरी सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट पडतात. तेच लग्न एच.२६४मध्ये २ मेगाबिटवर नेलं तर दोन तासांचे १.८ जीबी होतात, आणि कॅसेटवरून आलेल्या चित्रात फरक शोधावा लागतो.

पण सरासरी फसवते, आणि हे दुकानात कोणीच सांगत नाही. भटजी मंत्र म्हणत असतात तेव्हा चित्र फारसं हलत नाही, डेटा कमी लागतो. अक्षता उडतात, वरातीत फटाके फुटतात, बँडपुढे पोरं नाचतात, तिथं चित्रातला प्रत्येक ठिपका बदलतो आणि बिटरेट सरासरीच्या कितीतरी वर उसळतो. सगळ्यांना जे बघायचं असतं, नेमकं तिथंच अडकतं. उपाय आहे: रूपांतर करताना कमाल बिटरेटची मर्यादा घालायची, उदाहरणार्थ ४ मेगाबिट. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्याच्या माहितीपुस्तिकेत अशा साध्या रिझोल्यूशनच्या चित्रासाठी दर्जाचा आरएफ आकडा १८ ते २२ सुचवला आहे. २० धरा आणि वर ही मर्यादा घाला. तिथंच ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ नावाची एक चौकट आहे, तिच्यावर खूण करा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका एरवी फाइलच्या शेवटी लिहिली जाते. काही ठिकाणी त्यामुळे सगळी फाइल उतरल्याशिवाय पहिलं चित्रच दिसत नाही. ही खूण केली की अनुक्रमणिका सुरुवातीला येते.

कॅसेटच्या व्हिडिओला आणखी एक गोष्ट लागते. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रं दाखवते, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी, टिपलेलं असतं. जुन्या टीव्हीवर हे कळत नसे. फोनवर मात्र नाचणाऱ्याच्या हातांच्या कडांना फणीसारखे दाते दिसतात, आणि ते दाते साठवण्यातही डेटा वाया जातो. रूपांतराच्या वेळी ‘डीइंटरलेस’ चालू हवंच. जुन्या कॅसेटवरचे मुंग्यांसारखे ठिपके हलक्या हातानं कमी केले तर फाइल आणखी लहान होते, कारण ते ठिपके दर चित्रात वेगळे असतात आणि कोडेक तेही इमानानं साठवत बसतो.

दुकानातून फाइल आणलीच असेल, तर व्हीएलसीच्या ‘टूल्स’मध्ये ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ उघडा. तिथं एच.२६४ आणि एएसी दिसलं नाही, तर काम झालेलं नाही. पैसे देण्याआधी बघा.

बाकीचे गैरसमज लवकर आटपतात.

‘फोरके करून देतो, एकदम साफ दिसेल.’ पाल डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ ठिपके असतात, व्हीसीडीवर जेमतेम ३५२ बाय २८८. जे टिपलंच गेलं नाही ते फोरके कुठून आणणार? फाइल फुगते आणि जास्त अडकते. वर चौकोनी चित्र ताणून रुंद पडदाभर केलं की नवरीचा चेहरा पसरट होतो, ते वेगळंच.

‘अमेरिकेत आपलं पाल चालत नाही, ३० फ्रेम करा.’ हे तिथल्या डीव्हीडी प्लेअर आणि जुन्या टीव्हींबाबत खरं होतं. फोनवर बघायच्या फाइलला लागू नाही. २५ची ३० केली की चित्र झटके खातं.

‘आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे.’ तो आकडा बहुधा घरात येणाऱ्या डेटाचा. व्हिडिओ तर बडनेऱ्याहून बाहेर जायचा आहे, म्हणून वेग मोजताना अपलोडचा रकाना बघा. फाइलची कमाल मर्यादा त्याच्या निम्म्याच्या आत ठेवा, आणि दोन भावंडं एकदम बघणार असतील तर त्याहून कमी. लाइट गेली की घरचा सर्व्हर बंद पडतो, हेही त्यांना सांगून ठेवा. आणि २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सवर घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायला पैसे लागतात. जेलिफिन मोफत आहे.

‘यूट्यूबवर अनलिस्टेड टाकलं म्हणजे घरच्यांनाच दिसतं.’ नाही. लिंक ज्याच्या हाती लागेल त्या कोणालाही दिसतं. फक्त घरच्यांसाठी ‘प्रायव्हेट’ हा पर्याय आहे. आणि लग्नाच्या व्हिडिओवर दुकानदारानं सिनेमाची गाणी चढवलेली असतात, ती यूट्यूब ओळखतं. आवाज बंद होऊ शकतो, व्हिडिओच अडवला जाऊ शकतो.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की झालं.’ व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आणखी दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत तसाच जातो.

शेवटचा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो: ‘आता एमपी४ झाली, कॅसेट टाकून द्या.’ बघण्यासाठी केलेली फाइल ही मुळातलं बरंच टाकून दिलेली प्रत असते, आणि टाकलेलं परत येत नाही. मिनीडीव्ही कॅसेटचा एक तास कॉम्प्युटरवर जसाच्या तसा उतरवला तर सुमारे १३ जीबी होतो. तो, किंवा डीव्हीडीवरच्या मूळ व्हीओबी फाइली, जपून ठेवा. लहान प्रत त्यातून कधीही नव्यानं करता येते, उलट दिशेनं नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६मध्ये व्हीएचएस रेकॉर्डर बनवणं थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं २०१५मध्येच इशारा दिला होता की २०२५पर्यंत न उतरवलेल्या चुंबकीय फिती बहुतेक कायमच्या हातच्या जातील. ती मुदत उलटली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि कॅसेटची खोकी पत्र्याखालच्या माळ्यावर पडलेली असतात. पोरीले फाइल पाठवायच्या आधी ती खोकी खाली आणा, चालू प्लेअर असलेला माणूस गाठा, मूळ प्रती दोन हार्डडिस्कवर करून घ्या, आणि त्यातली एक डिस्क घराबाहेर, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा.