कुठूनही सुरू करा, कॉर्ड तीच

ताथवडे, वाकड, पुनावळे या भागात एकाच घरात आजोबांची पेटी आणि नातवाचा कीबोर्ड असं चित्र दिसतं. सममित कॉर्ड समजून घ्यायला दोन्हींपैकी काहीही चालेल. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन किंवा अधिक स्वर. त्या स्वरांमधली सगळी अंतरं सारखी असली की कॉर्ड सममित झाली. व्याख्या एवढीच आहे, पण ती बोटांतून गेल्याशिवाय उमगत नाही. म्हणून आपण पट्ट्यांपासूनच सुरुवात करू.

पांढरी एक हा सा धरू. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत तार सापर्यंत गेलं की बारा पावलं होतात. शेजारच्या पट्टीवर जाणं हे एक पाऊल, म्हणजेच अर्धस्वर. पहिली चूक इथेच होते. आपण निघालो ती पट्टीच ‘एक’ म्हणून मोजली जाते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. सा शून्य, कोमल रे एक, शुद्ध रे दोन, असं मोजावं.

आता नेहमीची मेजर कॉर्ड वाजवू: सा, ग, प. सा ते ग चार पावलं, ग ते प तीन, प ते तार सा पाच. अंतरं वेगवेगळी आहेत, म्हणून कान लगेच ओळखतो की घर सा आहे.

यातला प एक पट्टी वर सरकवून कोमल ध करू: सा, ग, कोमल ध. आता अंतरं झाली चार, चार, चार. हीच ऑगमेंटेड कॉर्ड, म्हणजे वाढवलेल्या पंचमाची कॉर्ड. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लेथ चालवलेल्यांना थ्री-जॉ चक आठवेल. तीन जबड्यांचा हा चक एक तृतीयांश फिरवला, तर आधी कोणता जॉ वर होता हे नुसतं बघून सांगता येत नाही. या कॉर्डचंही तसंच आहे.

आपल्या संगीतातली मूर्च्छना इथे फार उपयोगी पडते. भूपाचे पाच स्वर तेच ठेवून गांधाराला सा मानलं की मालकंसाचे स्वर मिळतात. भूपातली अंतरं असमान आहेत, म्हणूनच सा हलला की राग बदलतो. ऑगमेंटेड कॉर्डवर हेच करून पाहावं. गांधाराला सा माना, कोमल धैवताला माना, पुन्हा सा, ग, कोमल ध असाच साचा हाती येतो. माझ्या मते या विषयाचं सगळं मर्म या एका प्रयोगात आहे.

दुसरी सममित कॉर्ड तीन-तीन पावलांची: सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. पट्ट्यांच्या भाषेत पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा. हिचं नाव डिमिनिश्ड सेव्हन्थ. इथे नवशिके हमखास फसतात. सा, कोमल ग, तीव्र म या तीनच स्वरांच्या कॉर्डलाही डिमिनिश्ड म्हणतात, पण तिची अंतरं तीन, तीन, सहा अशी आहेत. ती सममित नाही. चौथा स्वर आल्यावरच सा ते तार सा हे वर्तुळ समान भागांत विभागलं जातं.

यातून एक मोठी सोय होते. मेजर कॉर्ड बारा शिकाव्या लागतात, ऑगमेंटेड मात्र चारच आहेत आणि डिमिनिश्ड सेव्हन्थ तीनच. बाकीची नावं म्हणजे त्याच पट्ट्या. पाश्चात्त्य संगीतकार लिस्टनं आपल्या ‘फाउस्ट’ सिम्फनीची सुरुवात याच चार ऑगमेंटेड कॉर्डचे स्वर एकामागून एक मांडून केली, आणि त्यात बाराही स्वर येऊन गेले. गिटारवर डिमिनिश्ड सेव्हन्थचा आकार त्याच तारांवर तीन घरं सरकवला की पुन्हा तेच चार स्वर मिळतात.

या कॉर्ड अधांतरी का वाटतात? तानपुऱ्यानं घडलेला आपला कान षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम ही नाती शोधत असतो. ऑगमेंटेडमध्ये अंतरं चार आणि आठ पावलांची, डिमिनिश्ड सेव्हन्थमध्ये तीन, सहा आणि नऊची. पंचमाची सात किंवा मध्यमाची पाच पावलं यांत कुठेच नाहीत. टेकायला जागाच नसते.

हीच उणीव संगीतकाराच्या कामी येते. सा, ग, कोमल ध धरून ठेवू आणि एकेक बोट हलवून पाहू. कोमल ध एक पट्टी उतरवून पंचमावर आणला की साची मेजर कॉर्ड मिळते. पुन्हा मूळ जागी येऊन साचं बोट खालच्या नीवर नेलं की गांधाराची मेजर. पुन्हा मूळ जागी येऊन ग कोमल केला की कोमल धैवताची मेजर. उतरवण्याऐवजी एकेक स्वर चढवला तर तीन मायनर कॉर्ड मिळतात. एका कॉर्डमधून सहा घरांची दारं उघडतात! घाई मात्र करू नये. दर वेळी मूळ कॉर्डवर परत यावं आणि एकच बोट हलवावं. दोन हलवली की काय घडलं तेच कळत नाही.

डिमिनिश्ड सेव्हन्थचा कोणताही एक स्वर एक पट्टी उतरवला की डॉमिनंट सेव्हन्थ तयार होते, म्हणजे पुढच्या घराकडे ओढणारी चार स्वरांची कॉर्ड. सा, कोमल ग, तीव्र म, ध यांतला कोमल ग शुद्ध रेवर आणून थोडं थांबावं. कान पंचमाला नवा सा मानायला तयार होतो.

एक गोष्ट गाणाऱ्यांच्या घरात आवर्जून सांगायला हवी. ही सममिती समान अंतराच्या बारा पट्ट्यांमुळे आली आहे. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार साच्या कंपनसंख्येच्या ५/४ पट असतो. तसं तीनदा चढलं तर १२५/६४ पटीला पोचतो, आणि तार सा असतो १२८/६४ वर. म्हणजे वर्तुळ जुळतच नाही. नेहमीच्या पेटीत सगळी पावलं सारखी करून ते जुळवलेलं असतं, त्यामुळे तिचा गांधार जरा चढा लागतो. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, तेव्हाच्या आक्षेपांत हा श्रुतींचा, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागांचा, मुद्दाही होता. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम केली तीही याच कारणानं.

म्हणून घरची पेटी गांधार ट्यूनिंगची, म्हणजे समान पावलांऐवजी शुद्ध गांधार धरून लावलेली असेल, तर वरचे प्रयोग आधी कीबोर्डवर करावेत. नंतर तीच ऑगमेंटेड कॉर्ड पेटीवर धरून ऐकावी. तिन्ही अंतरं तिथे अगदी सारखी नसतात, आणि सूर लागलेल्या कानाला तो फरक ऐकू येतो.