परसातली आठ बाय दहा

घरात माणसं सात, खोल्या तीन आणि परीक्षा तोंडावर आलेली. मागच्या परसात आपली स्वतःची एक छोटी खोली उभी राहू शकते का? राहू शकते. पण विटा आणायच्या आधी थोडं डोकं चालवावं लागेल!

समजा, तुमचं घर अनसिंगला आहे. वाशिम-पुसद रोडवरचं आपलं अनसिंग. पुढं ओटा, मग बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागं परस. परसात न्हाणी, कोपऱ्यात सरपण, मध्ये तुळस, भिंतीशी आजीची बाज. हे सगळं सोडून उरलेली जागा टेपनं मोजली तर पंधरा फूट बाय बारा फूट.

आणि तुम्हाला अभ्यास करायचाय. बैठकीत टीव्ही, मधल्या खोलीत आजोबांचा खोकला, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. कुणी मुद्दाम त्रास देत नाही, घर आहे ते. दादा वाशिमच्या अभ्यासिकेत जातो, रात्री दहाला गाडीवरून परत आला तरी कुणी काही बोलत नाही. ताईनं तेच करायचं म्हटलं की घरात मीटिंग भरते. म्हणजे बऱ्याच मुलींसाठी परसातली खोली ही हौस नाही. ती झाली तर रात्रीचे तीन तास मिळतात, नाही झाली तर नाही मिळत.

इंग्लंड-अमेरिकेत अशा खोल्यांचा आता मोठा धंदाच झालाय. बागेच्या कोपऱ्यात लाकडाची तयार खोली आणून बसवतात. आपल्याला त्यांचा कॅटलॉग उपयोगाचा नाही. तिकडची खोली थंडी बाहेर ठेवण्यासाठी असते, आपल्याला ऊन बाहेर ठेवायचंय. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. छोटी खोली म्हणजे मोठ्या खोलीचा कापलेला तुकडा नव्हे. ती वेगळी विचार करूनच बांधावी लागते.

मोठ्या माणसांच्या छोट्या खोल्या

चंदीगड शहराची आखणी करणारा ल कॉर्ब्युझिए हा जगातला नावाजलेला आर्किटेक्ट. त्यानं फ्रान्समध्ये समुद्रकाठी स्वतःसाठी काय बांधलं माहितीये? साधारण बारा फूट बाय बारा फुटांची लाकडी खोली. १९५२ साली. पलंग, टेबल, कपाट, सगळं त्या मापात बसवलेलं, आणि स्वयंपाकघर नाहीच. जेवायला तो शेजारच्या खानावळीत जायचा. २०१६ मध्ये त्याच्या निवडक कामांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, त्यात ही एवढीशी खोलीही आहे. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉची लिहिण्याची खोली तर बागेत फिरत्या चकतीवर बसवलेली होती. ऊन सरकेल तशी ती ढकलून फिरवता यायची.

एवढं लांब जायचीही गरज नाही म्हणा. वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाऊन या. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटी आधी मीराबहेन यांची होती. मातीच्या भिंती, लाकूड, बांबू, वर कवेलू आणि बाजूनं पडवी. इव्हान इलिच हा विचारवंत १९७८ मध्ये तिथं आला, त्या कुटीत बसला आणि त्यावर त्यानं एक अख्खं भाषण दिलं. मे महिन्यात कधी गेलात तर आत बसून बघा. वर्ध्याचं ऊन वाशिमपेक्षा काही मऊ नाही, तरी त्या कुटीत बसवतं. जाड मातीची भिंत, कवेलूंच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा आणि भिंतीवर ऊन पडू न देणारी पडवी, अशी तीन साधी कारणं त्यामागं आहेत.

आधी काठी रोवा

मिस्त्रीला बोलवायच्या आधी परसात एक सरळ काठी रोवा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच, या वेळांना सावली कुठं पडते तिथं खूण करा. आपला भाग साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर येतो. डिसेंबरात भर दुपारी काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच लांब पडते, उत्तरेकडं. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास भरदुपारी सावली पायाखाली गायब होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा तेच होतं, फक्त तेव्हा ढगांमुळं कळत नाही.

याचा खोलीशी संबंध काय? मे महिन्यात दुपारी ऊन पडतं ते छतावर. म्हणून सगळ्यात जास्त विचार छताचा करायचा. चार वाजल्यानंतर ते पश्चिमेच्या भिंतीवर आडवं येतं, म्हणून पश्चिमेला खिडकी नको. टेबल उत्तरेच्या खिडकीशी ठेवा. तिथं दिवसभर उजेड असतो, पण वहीवर थेट ऊन फारसं येत नाही. दक्षिणेला खिडकी असेल तर वर दीड-दोन फुटांचा छज्जा हवा. उन्हाळ्याचं उभं ऊन तो अडवतो, थंडीतलं तिरपं ऊन खालून आत येऊ देतो.

तीन डिझाइन, एक निवडा

पहिलं, एकपाखी. घराच्या मागच्या भिंतीला टेकवून तीन भिंती उभ्या करायच्या आणि एकाच बाजूला उतरतं छत टाकायचं. एक भिंत फुकट मिळते. अडचण अशी, की घराची मागची खिडकी बंद होते आणि स्वयंपाकघरातला धूर तुमच्याकडं येतो. मागच्या भिंतीला खिडकी नसेल तरच हे डिझाइन घ्या.

दुसरं, कोपऱ्यातली सुटी खोली. कुंपणाच्या कोपऱ्यात, घरापासून चार-पाच फूट सोडून. हवा चारी बाजूंनी फिरते, घरातला आवाज कमी येतो. खर्च जास्त, कारण चारही भिंती आपल्या. कुंपणाची भिंत शेजाऱ्यांसोबत सामाईक असेल तर तिच्यावर छत टेकवायच्या आधी शेजारच्या काकांशी बोला. छताचं पाणी त्यांच्या अंगणात पडलं तर पहिल्याच पावसात भांडण ठरलेलं!

तिसरं, अर्धी खोली. घराला मागं पडवी असेल तर तिलाच दोन बाजूंनी जाळीची भिंत आणि दार लावायचं. सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारं. पण आवाज येतो, धूळ येते आणि पावसाळ्यात पुस्तकं ओलसर होतात. एका वर्षाचीच गरज असेल, पुढं तुम्ही शिकायला बाहेरगावी जाणार असाल, तर हेच करा. एका वर्षासाठी परस बुजवू नका.

आपल्या पंधरा बाय बाराच्या जागेत दुसरं डिझाइन बसतं, आतून आठ बाय दहाचं. आखूड भिंतीला चार बाय दोनचं टेबल, लांब भिंतीला सहा बाय तीनची कॉट, टेबलाच्या वर पुस्तकांची फळी. दार बाहेर उघडणारं ठेवा. अडीच फुटांचं दार आत उघडलं की जवळजवळ पाच चौरस फूट जागा खातं. ऐंशी चौरस फुटांत पाच म्हणजे खूप झाले.

विश्वास बसत नाही ना? मग चुन्याच्या फक्कीनं परसात हे माप खरंच आखा. आत कॉट ठेवा, खुर्ची ठेवा, उठा-बसा. आठवडाभर संध्याकाळी तिथंच अभ्यास करा. आजी न्हाणीकडं कुठून जाते, धुणं कुठं वाळतं, सगळं कळेल. फक्की पुसायला पैसे लागत नाहीत.

काळी माती सोडत नाही

आपल्याकडची काळी माती सोयाबीन-कपाशीला चांगली, घराला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे देते. खोली छोटी आहे म्हणून पाया वरवरचा घेतला तर दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालीच समजा. मिस्त्रीला स्पष्ट सांगा, काळी माती काढायची, खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, आणि जोत्यात भरायलाही मुरूमच वापरायचा. जोतं दीड-दोन फूट उंच ठेवा. पावसाचं पाणी बाहेर राहतं आणि विंचू-साप आत येण्याची शक्यता कमी होते. शोषखड्डा किंवा संडासाच्या टाकीवर बांधकाम नको, आणि मांडणी करताना नालीचा उतार बंद होणार नाही हे बघा. जागेचे कागद, म्हणजे घराचा नमुना ८, कुणाच्या नावावर आहे ते बघून परवानगीचं ग्रामपंचायतीत आधीच विचारा.

भिंतीसाठी मिस्त्रीला ‘रॅट ट्रॅप’ जोडणी येते का विचारा. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी ती लोकप्रिय केली. विटा साधारण पाव हिश्श्यानं कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. येत नसेल तर हट्ट धरू नका. न येणारं काम करून घेण्यापेक्षा येणारं नीट करून घेतलेलं बरं.

छताला बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, टिनं टाका! टिनं स्वस्त आहेत, पण एप्रिलमध्ये दुपारी त्याखाली बसून दाखवा. टिनंच टाकायची असतील तर वरून पांढरा रंग द्या, आणि आतून हातभर खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करा. मधल्या जागेतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. त्या जागेत वायरचा जोड मात्र ठेवू नका, ठिणगी पडली तर तट्ट्या पेट घेतात. स्लॅब असेल तर दर उन्हाळ्याआधी चुना मारा. पांढऱ्या छताची ही युक्ती आता सरकारं धोरण म्हणून घेतात, तेलंगणानं २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं धोरणच आणलं. आपल्या आजीला ती आधीपासून माहीत होती. पश्चिमेच्या भिंतीवर बांबू उभे करून दोडक्याचा किंवा वालाचा वेल सोडा. भिंतीला सावली, घरात भाजी.

कूलर, वायर आणि कडी

कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात चिकचिक सुरू होते, कारण दमट हवेला बाहेर जायला वाट नसते. आणि कूलरचा शॉक ही आपल्याकडं दर उन्हाळ्यातली बातमी असते. घरातून वायर ओढून प्लग खोचायचा असं करू नका. खोलीला वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारं आरसीसीबी, हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्याच. रंगाचे पैसे कमी पडले तर रंग पुढच्या वर्षी द्या. पाया, छत आणि वायरिंग यात मात्र काटकसर नको.

मुलींनी, आणि त्यांच्यासाठी बांधणाऱ्यांनी, अजून चार गोष्टी बघाव्यात. दार घरातून दिसेल असं असावं. मागच्या गल्लीकडं खालची खिडकी नको, उंचावर झरोका चालेल. आतून मजबूत कडी हवी. आणि घरापासून खोलीपर्यंत, खोलीपासून संडासापर्यंत दिवा हवा. रात्री अंधारात जायची भीती वाटली तर खोली असूनही वापरली जाणार नाही.

आणि सोयाबीनची पोती?

आता खरी अडचण. तुम्ही नकाशा काढून बाबांना दाखवता. ते बघतात आणि म्हणतात, “चांगली हाय खोली. सोयाबीन ठेवाले कामी येईन.”

रागावू नका. दिवाळीच्या आधी सोयाबीन येतं, भाव पडलेला असतो, ठेवायला जागा नसते. त्या पोत्यांतूनच तुमची फी भरली जाते. पण खोली बांधली आणि ऑक्टोबरात तुमचं टेबल बाहेर आलं, तर खोली असून नसल्यासारखी.

यावर उत्तर डिझाइनमध्येच शोधा. पोत्यांची जागा आधी ठरवा. घर आणि खोली यांच्यामध्ये जे चार-पाच फूट सुटलेत, त्यातल्या अर्ध्या भागावर छत ओढून घ्या, खाली फरशीवर लाकडी फळ्या टाका, म्हणजे ओल लागणार नाही. जाण्यायेण्याची वाट मोकळी राहील आणि पोती तिथं राहतील. मग बाबांना दोन नकाशे दाखवा, एक तुमच्या खोलीचा, एक पोत्यांच्या जागेचा. सोबत विटा, सिमेंट, टिनं, मजुरी यांचा वाशिममध्ये दोन दुकानांत विचारून आणलेला हिशोब ठेवा. नुसतं ‘मला खोली पाहिजे’ म्हणण्यापेक्षा या कागदावर बोलणं लवकर पुढं सरकतं.

तरी ते नाही म्हणू शकतात. पीक गेलं असेल, कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल. तसं झालं तर तिसरं डिझाइन आठवा. पडवीचा एक कोपरा, एक पडदा, एक टेबल, एक दिवा आणि संध्याकाळी सात ते दहा तिथं कुणी हाक मारायची नाही, एवढा घरातल्या सगळ्यांनी कबूल केलेला नियम. यातला शेवटचा नियम खोली बांधली तरी लागणारच आहे, तेव्हा त्याची बोलणी आजच रात्री जेवताना सुरू करा.

आणि उद्या सकाळी नऊ वाजता परसात काठी रोवायला विसरू नका!