हिमकेंद्रीकरण, खनिजपृष्ठांवरील

हिमकेंद्रीकरण, खनिजपृष्ठांवरील : पाणी गोठताना खनिजाच्या पृष्ठावर बर्फाचा पहिला सूक्ष्म स्फटिक तयार होण्याची क्रिया. ०° से. हा बर्फाचा वितळबिंदू होय. मात्र त्या तापमानास पाणी गोठतेच असे नाही. शून्याखालीही द्रवरूप राहणाऱ्या अशा पाण्याला अतिशीत जल म्हणतात. डी. जी. फॅरनहाइट यांनी त्याचे वर्णन १७२४ मध्ये केले होते. ढगातील शुद्ध पाण्याचे सूक्ष्म बिंदू तर सुमारे –३८° से.पर्यंत द्रवरूप राहू शकतात. बर्फाच्या रचनेत जुळून येणाऱ्या रेणूंच्या लहानशा पुंजाचे पृष्ठफळ त्याच्या घनफळाच्या मानाने मोठे असते व ते निर्माण होण्यास ऊर्जा लागते. त्यामुळे ठराविक आकार गाठण्यापूर्वीच बहुतेक पुंज विस्कटतात. खनिजाचा आधार मिळाल्यास पुंजाची पाण्याशी असलेली सीमा घटते व ही अडचण बरीच कमी होते.

कोणते खनिज चांगला आधार देते, याचे उत्तर प्रथम स्फटिकरचनेच्या साम्यात शोधले गेले. बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४६ मध्ये सिल्व्हर आयोडाइडाची निवड याच तर्काने केली. हे संयुग निसर्गात आयोडर्गिराइट या खनिजाच्या रूपात आढळते व कृत्रिम पावसासाठी वापरतात. तर्क आकर्षक असला, तरी अपुरा आहे : बेरियम फ्ल्युओराइडाचे स्फटिक जालकही बर्फाशी चांगले जुळते, परंतु त्यावर बर्फ सहजी धरत नाही.

वातावरणातील धुळीत मृत्तिका खनिजे विपुल असल्याने केओलिनाइटादींना दीर्घकाळ प्रमुख हिमकेंद्रके मानले जाई. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र धुळीत अल्प प्रमाणात असणारे पोटॅशियमयुक्त फेल्स्पार त्यांच्याहून पुष्कळच प्रभावी ठरले. त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत, फेल्स्पारावर बाष्पापासून वाढणारे हिमस्फटिक पृष्ठभर न पसरता भेगा, पायऱ्या व खळगे अशा मोजक्या जागीच उगवलेले दिसले. शिवाय त्यांची दिशा एकच होती. एरवी झाकलेल्या एका विशिष्ट स्फटिकप्रतलाचे सूक्ष्म तुकडे तेथे उघडे पडतात व बर्फाची सुरुवात त्यांवर होते, असा याचा अर्थ लावतात. धूलिकण असलेला जलबिंदू वारंवार वितळवून गोठविला, तरी तो बहुधा जवळपास त्याच तापमानास गोठतो, हेही अशा जागांच्या कल्पनेशी सुसंगत आहे.

अशा कणांची संख्या थोडी असली, तरी पर्जन्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे असतात. अतिशीत ढगातील एखादा बिंदू त्यांमुळे गोठला की, बर्फावरील संपृक्त बाष्पदाब पाण्यावरील दाबापेक्षा कमी असल्याने भोवतालचे जलबिंदू आटत जातात व त्यांच्या बाष्पावर वाढलेला हिमस्फटिक हिमाच्या किंवा, वाटेत वितळल्यास, पावसाच्या रूपाने खाली येतो.