शोलाकिळी : पर्वतशिखरांवरील गायक

सह्याद्रीच्या दक्षिण टोकास एक चिमणीएवढा गायक पक्षी राहतो. त्याचे नाव शोलाकिळी. निलगिरी, पळणी, अन्नमलै या पर्वतांच्या उंच घळींतून जी ठेंगणी, दाट, सदैव ओली अरण्ये आहेत, त्यांस 'शोला' म्हणतात. आणि 'किळी' म्हणजे मलयाळम भाषेत पक्षी.

पाठीचा रंग गडद निळसर. नर आणि मादी दिसावयास सारखीच. अरण्याच्या तळाशी, झुडुपांच्या अंधारात हिंडून हा पक्षी किडे टिपतो. त्यामुळे तो दृष्टीस क्वचित पडतो. ओळख पटते ती त्याच्या गोड शिळेवरून.

निलगिरीकडील शोलाकिळीचे वर्णन जेर्डन यांनी १८४४ साली केले. पांढऱ्या पोटाची दक्षिणेकडील जात पळणी पर्वतात फेअरबँक या मिशनऱ्यांस आढळली आणि १८६८ साली ब्लॅनफर्ड यांनी तिचे नामकरण केले. हे फेअरबँक अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, भागात दीर्घकाळ वास्तव्य करून होते. पुढे २०१७ साली अनुवंशशास्त्राच्या आधारे या पक्ष्यांसाठी 'शोलिकोला' ही स्वतंत्र प्रजाती स्थापण्यात आली.

एकाच पर्वतरांगेत दोन जाती का व्हाव्यात? याचे उत्तर पालघाटच्या खिंडीत आहे. ही खिंड सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंद आहे. थंड शिखरांस सरावलेला हा पक्षी तेथील उष्ण, सखल प्रदेश ओलांडीत नाही. म्हणून प्रत्येक शिखर हे त्याच्यापुरते एक बेटच होय, आणि लक्षावधी वर्षांच्या दुराव्याने दोन्ही तीरांवरील पक्षी भिन्न झाले.

हे निसर्गाचे कार्य झाले. परंतु गेल्या दोनशे वर्षांत चहाचे मळे, निलगिरी व वॅटल यांच्या लागवडी आणि वस्त्या यांनी त्या बेटांचेही तुकडे केले. गायक पक्ष्यांची पिले वडीलधाऱ्यांचे ऐकून गाणे शिकतात. येणेजाणे खुंटले की गाणेही निराळे वळण घेते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, प्राचीन खिंडींनी जसा या पक्ष्यांच्या गाण्यात भेद केला, तसाच, पण वेगळ्या प्रकारचा, भेद अलीकडील जंगलतोडीनेही केला आहे.

शोलाचा एखादा लहानसा पट्टा तुटला, तर नकाशावर तो दिसणारही नाही. पण ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याचे तेवढेच जग असते. उरलेली अरण्ये राखणे आणि त्यांस जोडणाऱ्या वाटा पुन्हा हिरव्या करणे, हाच हे गाणे टिकविण्याचा मार्ग होय.